युद्धपटांतली पलटण: त्यात कोण असतं, कोण नसतं?

पायवाट (धागाकर्ती)

परवा घरी सगळ्यांनी मिळून एक युद्धपट पाहिला. नाव मुद्दाम देत नाही, कारण मुद्दा त्या एका चित्रपटाचा नाही. मध्यंतराच्या बऱ्याच आधी माझी दहावीतली भाची म्हणाली, "मावशी, आता हा मुस्लीम शिपाई मरणार." वीसेक मिनिटांत तो मेलाच. तुला कसं कळलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तो आल्या आल्या म्हणाला ना, हा देश माझाही आहे म्हणून. बाकी कुणीच तसं म्हणालं नाही."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. पडद्यावरच्या त्या तुकडीत सात जण होते. एकाला घर बांधायचं होतं, एकाचं लग्न ठरलं होतं, एकाला घरून येणारी पत्रं वाचता येत नव्हती. प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी होतं. त्या एकाकडेच फक्त निष्ठा होती, आणि ती सिद्ध करण्यासाठी मरण. हजेरीपटावर त्याचं नाव आहे, पण माणूस म्हणून तो तिथे नाही. देशभक्तिपर चित्रपटांत विविधता हवी असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय मागत असतो? प्रत्येक धर्माचा, प्रांताचा एकेक नमुना?

खरी फौज याहून कितीतरी विलक्षण आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. कारगिलच्या लढाईतले कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे घ्या. नागालँडचे, ख्रिस्ती. मूळ नेमणूक आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद पुरवणाऱ्या दलात. तिथून ते २ राजपुताना रायफल्समध्ये आले आणि 'घातक' पलटणीचं, म्हणजे हल्ल्यात पुढे राहणाऱ्या निवडक जवानांच्या तुकडीचं, नेतृत्व करू लागले. जवान राजपूत आणि जाट. युद्धघोष 'राजा रामचंद्र की जय'. घरी त्यांना नीबू म्हणत. जवानांनी त्याचं 'निंबू साब' करून टाकलं. २८ जून १९९९ च्या रात्री द्रास भागात सुमारे १६,००० फुटांवर ते एका उभ्या कड्यावर चढत होते. पोटात गोळ्याचे तुकडे घुसलेले, बूट खडकावर सटकत होते. त्यांनी बूट काढले आणि अनवाणी वर गेले. बंकरवर रॉकेट डागलं, पुढे हातघाईची लढाई झाली, आणि तिथेच त्यांना मरण आलं. तेव्हा पंचविशीही पूर्ण झालेली नव्हती. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

या गोष्टीत कुणीही कुणाला 'मीही तुमच्यातलाच' असं सांगत नाही. 'निंबू साब' या दोन शब्दांत ते सगळं येऊन जातं. एखाद्या पटकथालेखकाला हे दोन शब्द सुचले असते, तर मी त्याला दंडवत घातला असता.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः फौजेत राहिलेल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल.

---

जुना बिल्ला

बावीस वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात काढली, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण चित्रपटवाले तिथेच चुकतात. एकाच खंदकात एक सरदारजी, एक मराठा, एक मुसलमान, एक बंगाली आणि एक मद्रासी हे चित्र पायदळाच्या बहुतेक पलटणींत खरं नसतं. शीख, डोग्रा, गढवाल, गोरखा या रेजिमेंट्समध्ये जवान मुख्यतः एकाच समाजाचे किंवा भागाचे. राजपुताना रायफल्स, ग्रेनेडियर्स, कुमाऊँ यांत दोन-तीन समाज, पण कंपन्या बहुधा वेगवेगळ्या. सगळ्यांना मिसळून घेणारी पहिली पायदळ रेजिमेंट म्हणजे गार्ड्स, १९४९ मध्ये उभी राहिली. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली ती महार जवानांसाठी, पण पुढे तिने देशभरातल्या सगळ्या समाजांना आपल्यात घेतलं. तिचा युद्धघोषही 'बोलो हिंदुस्तान की जय' असाच आहे. तोफखाना, इंजिनिअर्स आणि आमचं सिग्नल्स यांत बहुतेक ठिकाणी मिश्रण असतं, जरी इंजिनिअर्समध्ये मद्रास, बंगाल, बॉम्बे अशा गटांची जुनी परंपरा आहे.

मग एकोपा येतो कुठून? अधिकाऱ्यापासून. अधिकारी कुठलाही असू शकतो. पलटणीत आला की त्याने जवानांची भाषा शिकायची, त्यांच्या सणात उभं राहायचं, त्यांच्या देवापुढे हात जोडायचे. मंदिर परेडला तो जवानांच्या रांगेत बसतो. आमचे एक कमांडिंग अधिकारी केरळचे, ख्रिस्ती. आमच्याकडे मंदिर, गुरुद्वारा सगळं एकाच छपराखाली होतं. एकदा पंडितजी आजारी पडले, तर साहेबांनी स्वतः पुढे बसून आरती म्हटली. अख्खी पाठ होती. उच्चार त्यांचेच होते, पण एक ओळ चुकली नाही. आम्ही कुणी त्याची चर्चासुद्धा केली नाही, कारण त्यात चर्चा करण्यासारखं आहे असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही.

पायवाट, तुमचा मुद्दा मला पटतो. खऱ्या मिसळण्याला भाषण लागत नाही.

---

चौकट

मी चित्रपट-अभ्यासाचा विद्यार्थी आहे. 'प्रत्येकी एक'वाली तुकडी आपण हॉलीवुडकडून घेतली, आणि तिचा उगम विचार करण्यासारखा आहे.

१९४३ साली 'बटान' नावाचा अमेरिकन चित्रपट आला. त्यातल्या तुकडीत एक कृष्णवर्णीय सैनिक आहे, गोऱ्यांच्या बरोबरीने लढणारा. त्या वर्षी खरी अमेरिकन फौज मात्र वर्णानुसार विभागलेली होती. कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जणांना लढाईऐवजी हमालीची कामं मिळत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ही विभागणी संपवण्याचा आदेश काढला तो १९४८ मध्ये. म्हणजे पडदा वास्तवाच्या पाच वर्षं पुढे होता. खोटंच होतं ते, पण कसं व्हायला हवं हे सांगणारं खोटं. त्याला मी सरसकट नाव ठेवणार नाही.

उलटं उदाहरण २००२ च्या 'विंडटॉकर्स'चं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या भाषेवर आधारलेली सांकेतिक लिपी जपान्यांना कधीच फोडता आली नाही. ते काम करणारे सुमारे ४०० जण होते आणि १९६८ पर्यंत त्यांना त्याबद्दल उघड बोलायचीही मुभा नव्हती. इतकी विलक्षण माणसं हाती असताना चित्रपट उभा राहिला तो त्यांच्या रक्षणासाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकाभोवती.

आणि एक उदाहरण असं, की ज्यामुळे मी या विषयाकडे वळलो. २००६ चा फ्रेंच चित्रपट 'अँदिजेन'. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांची कथा. वसाहती स्वतंत्र झाल्यावर त्या माजी सैनिकांची पेन्शन फ्रान्सने गोठवून ठेवली होती. फ्रेंच सैनिकाला मिळणाऱ्या रकमेचा जेमतेम तुकडा त्यांच्या हाती पडायचा. हा चित्रपट प्रदर्शित होत असतानाच राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या सरकारने पेन्शन बरोबरीला आणण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर कित्येक म्हातारे वारले होते. पण पडद्यावर दिसणं आणि कागदावर मोजलं जाणं यांचा संबंध असतो, हे मी तिथे शिकलो.

---

उंबरठा

माझं मत वेगळं आहे, राग नसावा.

चित्रपट म्हणजे खानेसुमारी नव्हे. 'एलओसी कारगिल' (२००३) आठवा. शक्य तितक्या पलटणींना न्याय द्यायचा म्हणून चार तासांवर गेला. हेतू फार चांगला होता, पण इतके चेहरे समोरून जातात की कोण कुठल्या शिखरावर आहे हेच कळेनासं होतं. सगळ्यांना दाखवायला गेलं की कुणीच मनात राहत नाही.

दुसरं म्हणजे हे एकदा सुरू झालं की थांबत नाही. १९६२ च्या चीन युद्धातल्या, लडाखमधल्या रेझांग ला खिंडीच्या लढाईवरच्या '१२० बहादूर' चित्रपटाचंच पाहा. अहिर संघटनांनी शीर्षकालाच हरकत घेतली, आमच्या समाजाचं नाव हवं म्हणाल्या, प्रकरण कोर्टात गेलं. उद्या प्रत्येक लढाईवर प्रत्येक समाज हक्क सांगेल. जवान देशासाठी मेला, जातीसाठी नाही. मला हे मनापासून बोचतं.

---

पायवाट (धागाकर्ती)

उंबरठा, राग कसला? तुमचं बोचणं खरं आहे आणि 'एलओसी'बद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. गर्दी हा उपाय नाही.

पण रेझांग लाबद्दल थोडं थांबू या. १८ नोव्हेंबर १९६२. १३ कुमाऊँची चार्ली कंपनी, साधारण १२० जण, त्यातले ११४ मारले गेले. जवळजवळ सगळे हरियाणाच्या अहिरवाल भागातले. हिवाळा सरल्यावर मृतदेह सापडले ते गोठलेल्या अवस्थेत, खंदकात, हातात शस्त्रं तशीच. वैद्यकीय मदतनीसाच्या हातात इंजेक्शनची सिरिंज होती. एकेका गावातून कितीतरी घरं त्या एका सकाळी रिकामी झाली. त्या गावांनी साठ वर्षं काय ऐकलं? मेजर शैतान सिंहांचं नाव. ते नाव मोठंच आहे, परमवीर चक्र आहे, पण ते जोधपूरकडचे राजपूत अधिकारी होते. खाली लढलेल्या शंभरावर माणसांचा उल्लेख 'आणि त्यांचे जवान' असा व्हायचा. शीर्षक बदलावं की नाही यात मला पडायचं नाही. पण ही मागणी जातीच्या अहंकारातून आली, असं मला म्हणवत नाही. साठ वर्षं बेनाव राहण्याचं ते दुःख आहे.

आणि इथेच मला धर्म-प्रांतापेक्षाही मोठी फट दिसते. नायक नेहमी अधिकारी असतो. मी परमवीर चक्राची यादी काढून बसले. आजवर २१ जणांना मिळालं आहे, त्यातले ९ जण अधिकारी नव्हते. शिपाई, नायक, हवालदार, सुभेदार. अब्दुल हमीद, अल्बर्ट एक्का, जोगिंदर सिंग, बाणा सिंग, संजय कुमार... यांच्यावर मोठ्या खर्चाचे हिंदी चित्रपट किती? सुभेदार जोगिंदर सिंग यांच्यावर २०१८ मध्ये चित्रपट आला, तोही पंजाबीत. अल्बर्ट एक्का झारखंडचे उराँव आदिवासी, १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरला त्यांनी मशीनगनची ठाणी एकामागून एक गप्प केली. मोठ्या पडद्यावर त्यांचं एक सबंध आयुष्य मला बघायचं आहे. लहानपण, शिकार, हॉकी, सगळं.

अब्दुल हमीदांच्या बाबतीत छोट्या पडद्याने मोठ्यावर मात केली. चेतन आनंद यांच्या 'परमवीर चक्र' मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी ते काम केलं होतं.

---

सांजसावली

बायकांचं कुणी काढलंच नाही अजून, म्हणून मी लिहिते.

या चित्रपटांत बाई असते ती फोनच्या पलीकडे. नाहीतर स्टेशनवर. माझे वडील फौजेत होते, त्यामुळे फोनपलीकडची बाईही खरीच आहे, हे मला माहीत आहे. माझ्या आईने एकटीने तीन मुलांच्या शाळा बदलल्या, घरं बदलली, आजारपणं काढली. पण पडद्यावर ती फक्त रडते. तिची हिंमत दाखवायला कुणाला वेळ नसतो.

गणवेशातल्या बाईचं म्हणाल तर 'गुंजन सक्सेना' (२०२०) आला, मी फार आशेने पाहिला. कारगिलच्या वेळी चीता हेलिकॉप्टर उडवणारी वैमानिक. हवाई दलाने तेव्हा सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहून हरकत घेतली की, आमचं चित्रण विनाकारण वाईट केलं आहे. त्या वादावर खूप लिहिलं गेलं. मला लागलं ते वेगळंच. त्याच तळावर श्रीविद्या राजन नावाच्या दुसऱ्या महिला वैमानिक होत्या, त्यांनीही कारगिलमध्ये उड्डाणं केली. चित्रपटात त्या नाहीतच. नायिका 'एकटी' दिसावी म्हणून शेजारची बाई पुसून टाकली. त्यांनी स्वतः पुढे येऊन हे लिहिलं, तेव्हा मला कळलं. दोन मुली एका तळावर, कपडे बदलायला जागा नसताना एकमेकींसाठी दाराशी उभ्या, हा प्रसंग किती सुंदर झाला असता! प्रसंग मी कल्पनेने लिहिते आहे, पण दोघी होत्या हे खरं आहे.

तेव्हापासून फौज कुठल्या कुठे पुढे गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल दिला, २०२३ मध्ये पहिल्या पाच महिला अधिकारी तोफखान्यात आल्या, २०२५ मध्ये एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पटकथा मात्र अजून स्टेशनवरच उभी आहे.

---

देवराई

कलाकार-निवडीबद्दल थोडं.

'हकीकत' (१९६४) हा माझा अत्यंत आवडता चित्रपट. पण त्यातली लडाखी मुलगी आंग्मो कुणी केली आहे? लडाखच्या नसलेल्या प्रिया राजवंश यांनी. १९६४ मध्ये ते चालून गेलं. आज लडाख, मणिपूर, अरुणाचलमध्ये उत्तम नट-नट्या असताना तेच का व्हावं? ईशान्येचा चेहरा दिसला की तो एकतर पाहुणा किंवा वाटाड्या. कॅप्टन क्लिफर्ड नॉनग्रुम शिलाँगचे, त्यांनाही कारगिलमध्ये मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांची १२ जम्मू-काश्मीर लाइट इन्फन्ट्री म्हणजे काश्मिरी मुस्लीम, डोग्रा, शीख असे सगळे असलेली पलटण. एक खासी ख्रिस्ती तरुण त्यांना घेऊन डोंगर चढतो आहे. जुना बिल्ला म्हणतात तो अधिकारी हाच.

बारकाव्यांचंही तसंच. २०२१ मध्ये गोरखा सैनिकांवरच्या एका चित्रपटाची घोषणा झाली. पोस्टरवर नायक खुकरी घेऊन उभा होता. एका माजी गोरखा अधिकाऱ्याने लगेच दाखवून दिलं की खुकरीची धार आतल्या, वळलेल्या बाजूला असते, पोस्टरवर उलटी आहे. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? ज्याच्या आजोबा-पणजोबांनी ती कमरेला बांधली, त्याला पहिल्या नजरेत कळतं की हे काम करताना आपल्यातल्या कुणालाही विचारलेलं नाही.

---

चौकट

देवराई, खुकरीचं वाचून अंगावर काटा आला.

एक राहून गेलं होतं. काय दाखवायचं याचा निर्णय फक्त निर्मात्याच्या हातात नसतो. २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने कळवलं की सैन्यावरच्या चित्रपटांनी आणि वेबमालिकांनी आधी ना-हरकत घ्यावी. २०२२ मध्ये दिग्दर्शक ओनिर यांची एक पटकथा या टप्प्यावर नाकारली गेली. त्यातलं एक पात्र समलिंगी फौजी अधिकाऱ्याचं होतं, एका खऱ्या माजी मेजरच्या अनुभवावरून सुचलेलं. फौजेने आपली प्रतिमा जपावी हे मी समजू शकतो, तिची गुपितं तर जपलीच पाहिजेत. पण एक प्रेमकथा हे गुपित नव्हे.

---

उंबरठा

रेझांग लाची सिरिंज मला माहीत नव्हती. पायवाट, तुमच्या उत्तरानंतर दोन दिवस मी इथे काहीच लिहिलं नाही, विचार करत होतो. 'जातीसाठी नाही' हे माझं वाक्य मी मागे घेत नाही, पण ज्यांची नावं आधीच घेतली जातात त्यांना ते म्हणणं सोपं आहे, हे मान्य करतो.

गर्दीबद्दल मात्र ठाम आहे. एकच माणूस घ्या, पण पुरता घ्या. मला कुणाचं नाव सुचवाल का, ज्याच्यावर चित्रपट व्हायला हवा आणि ज्यात नेहमीची धावाधाव-गोळीबार नसेल?

---

रानजाई

नामदेव जाधव! मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. कंपनीचे संदेशवाहक. बरोबरचे बहुतेक पडले, तेव्हा जखमी साथीदाराला घेऊन त्यांनी पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडचा काठ गाठला, परत येऊन दुसऱ्याला नेलं. मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांचा युद्धघोष देत मागच्या कंपन्यांना हाताने बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या आघाडीवर इंग्रजीत इतके चित्रपट झाले, त्यांत मला एकही मराठी शब्द ऐकू आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज २५ लाखांवर गेली होती. 'डंकर्क' (२०१७) आला तेव्हाही हेच झालं. १९४० मध्ये फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी खेचरपथकं होती, चित्रपटात नाहीत.

---

जुना बिल्ला

माझं उत्तर: राम राघोबा राणे. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर्समध्ये सेकंड लेफ्टनंट. परमवीर चक्र हयातीत स्वीकारणारे पहिले. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीचा रस्ता. रणगाडे पुढे न्यायचे होते आणि वाटेत सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेले पूल. वरून मारा चालू. राणे जखमी होते. एके ठिकाणी उघड्यावर जाणं शक्यच नव्हतं, तर ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले. आतल्या चालकाला खूण म्हणून दोऱ्या ओढायचे. असं दिवस-दिवस काम करून त्यांनी वाट मोकळी केली.

इंजिनिअर, सिग्नलवाला, लंगरमधला स्वयंपाकी, खेचरं सांभाळणारा. फौजेतला मोठा हिस्सा हा आहे. पडद्यावर आम्ही कधी नसतो, म्हणून म्हणतो.

---

पायवाट (धागाकर्ती)

जुना बिल्ला, राण्यांची हकीकत भाचीला वाचून दाखवली. ती आता त्या प्रसंगाचं चित्र काढायला बसली आहे आणि तिचं अडलंय. रणगाड्याखाली माणूस मावतो कसा, आणि त्याचा चेहरा कुठल्या बाजूने काढू, असं विचारतेय. सांगाल का?

---

जुना बिल्ला

तिला सांगा, खाली जागा हातभरच असते. माणूस पालथा, कोपरांवर सरकतोय असं काढ. मान वर करता येत नाही, त्यामुळे चेहरा दिसणार नाही. दोरी धरलेला हात मात्र बाहेर काढ, आणि दोरी ताणलेली दाखव.